मागची बाजू

बदलीचा कागद आला तेव्हा रेखाटे सिस्टरनं
गादी नेली, शेगडी नेली, मुलाची सायकल नेली
आणि कुंडी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली,
एसटीत हिचं तिकीट कोण काढणार?
शोभेचा अळू. काळपट पानं, पांढऱ्या शिरा,
हाताच्या एक्स-रेसारख्या.
तुळशीराम मडावीनं पहिल्याच दिवशी विचारलं,
चमकोरा हाये का जी? वड्या होतेत का याच्या?

मे. कूलरची मोटर जळालेली,
तिचं पत्र जिल्ह्याला गेलेलं.
गाव पहाटेच जंगलात, तेंदूपत्त्याला,
दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तरचे पुडे बांधणारं.
दवाखान्यात मी, मायक्रोस्कोप, आणि कुणीतरी तापलेलं.

आधी धूळ वाटली.
पुसली, तर दुसऱ्या दिवशी परत.
फिकट ठिपके, सुई टोचत कुणी बसल्यासारखे,
आणि देठाच्या काखेत जाळं,
फुंकर मारली तेव्हाच दिसलेलं.
मी पाणी वाढवलं. चुकलं.
उन्हात ठेवली. तेही चुकलं.
फडीवर पुडे टाकून जयवंता नवऱ्याचा डबा घेऊन आली,
तिनं पान उलटं केलं. नुसतं उलटं केलं.
"असं पान फडीमुन्शी फेकून देते, बाई.
वरून काय पाह्यता? त्याचं घर खालतं हाये."

केसपेपरच्या कोऱ्या पाठीवर पान झटकलं.
तिखटाची पूड सांडावी तसं काही सांडलं,
आणि पूड चालायला लागली.

एक कण काचेवर घेतला.
एकोणीस वर्षं या नळीतून मी माणसांचं रक्त पाहते,
हिवतापाच्या निळ्या अंगठ्या मोजते.
हे त्यात बसेना. आठ पाय. विरळ केस.
काचेच्या पोटात दोन गडद डाग:
त्याचं जेवण, माझं हिरवं.
शेजारी अंडं, गोल, स्वच्छ,
ज्याला कुठलाच दोष देता येईना.
बराच वेळ पाहत राहिले.
बाहेर एक म्हातारी खोकली, तेव्हा उठले.

मग मागच्या नळाखाली
साबणाचं पाणी, निंबोळीचं तेल,
अकरा पानं, एकेकाची मागची बाजू,
तान्ह्याचं कानामागं पुसावं तशी.
तुळशीराम मग धरून उभा:
पेशंट लय सिरियस हाये म्हना की.

पाचव्या दिवशी पानं चकचकीत. म्हटलं, झालं.
आणि माझाच आवाज ऐकू आला मला,
खिडकीतून रोज देते तो:
ताप उतरला म्हणजे बरं झालं नाही, बाबा.
गोळ्या चौदा दिवस. अर्ध्यात सोडल्या
तर ते काळजात झोपतं, पावसात उठतं.
ते मान हलवतात. चौथ्या दिवशी
उरलेल्या गोळ्या मिठाच्या डब्यामागं ठेवतात,
पुढच्या तापाला.
किती चिडत आले मी त्यांच्यावर.
तेलाचा वास बोटांतून जात नाही,
भाकरीचा घाससुद्धा कडू लागतो,
आणि दिसत तर काहीच नाही आता, कशासाठी करायचं?

पाचवा. दहावा. पंधरावा.
कॅलेंडरवर लसीकरणाच्या मंगळवारांमध्ये
माझ्या लाल खुणा.
अकराची सात झाली, सातची तीन.
उतरवलेली पानं जाळली, उकिरड्यावर नाही टाकली.
सिस्टरचा फोन आला, आहे का गं ती?
म्हटलं, कोर्स चालू आहे.

तेंदूचे ट्रक गेले. फडीवर नुसती दोऱ्यांची तुकडं.
आज सकाळी देठातून एक सुरळी निघाली,
विडीएवढी, टोकाला किंचित जांभळी.
तुळशीरामनं हाका मारून जयवंताला दाखवली.
सवयीनं मी उलटी करायला गेले
आणि थांबले. अजून उलगडलीच नाही ती,
तिला मागची बाजू यायची आहे.

बाटली उजेडात धरून पाहिली.
दोन बोटं तेल. उद्या विसावा.